सार्वजनिक ग्रंथालये आणि प्रौढांचे लोकशिक्षण : राजूर (जि. जालना) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जालना-भोकरदन मार्गावर जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर असलेले राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीच्या स्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला येथे भाविकांचा मोठा समुदाय लोटतो. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब हे गावही याच जिल्ह्यात आहे. कीर्तन, पोथीवाचन व हरिनाम सप्ताह यांची परंपरा या भूमीत खोलवर रुजलेली आहे. एकाने पोथी वाचावी, जाणत्याने अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकावे, ही रीत येथील निरक्षर प्रौढांचे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण करीत आली. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के असताना जालना जिल्ह्याची गणना राज्यातील कमी साक्षरतेच्या जिल्ह्यांत झाली. स्त्रियांच्या बाबतीत तर ही तफावत अधिकच जाणवते.

श्रवणाची परंपरा समृद्ध असूनही तिचे वाचनात रूपांतर का झाले नाही, हा प्रश्न केवळ शाळांच्या इतिहासातून सुटत नाही. ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले त्यांच्यासाठी गावात कोणती संस्था होती, हे पाहावे लागते. सार्वजनिक ग्रंथालय ही अशी संस्था होय. त्या दृष्टीने मराठवाड्यातील ग्रंथालयांनी प्रौढांसाठी केलेल्या सांस्कृतिक व शैक्षणिक कार्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निजामी राजवटीतील वाचनालय

ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात वाचनालयांची स्थापना फार लवकर झाली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथील वाचनालये ही त्याची ठळक उदाहरणे होत. तेथे व्याख्यानाला स्वतंत्र व्यासपीठही मिळाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. याउलट, मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथील परिस्थिती भिन्न होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सार्वजनिक सभांवर व खासगी शाळांवर सरकारी हुकमांचे कडक निर्बंध होते. सभाबंदीचा ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हा हुकूम तर लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला.

अशा वातावरणात वाचनालयाला निराळेच महत्त्व प्राप्त झाले. परभणीचे गणेश वाचनालय (१९०१) आणि राजधानीतील मराठी ग्रंथसंग्रहालय (१९२२) यांसारख्या संस्थांनी मराठी ग्रंथ जतन केले आणि त्याचबरोबर मराठी भाषकांना एकत्र येण्यासाठी एक मान्य जागा मिळवून दिली. सभा भरविणे कठीण होते. मात्र वृत्तपत्र वाचण्यासाठी चारजण जमले, तर त्यास हरकत घेणे तितके सोपे नव्हते. गणेशोत्सवातील मेळे, कीर्तने व व्याख्याने यांनाही धार्मिक उत्सवाचे संरक्षण लाभत असे. संस्थानाच्या तेलुगू भाषक भागातही हेच घडले. १९०१ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमापासून तेथील ग्रंथालय चळवळ वाढली आणि पुढे आंध्र महासभेच्या जागृतीकार्यास तिचाच आधार मिळाला.

१९३७ हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते. त्या वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. संस्थानातील निर्बंधांमुळे ते पुण्याहून प्रसिद्ध करावे लागे, आणि बंदी आल्यावर नावे बदलून ते निघत राहिले. त्याच वर्षी महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले परतूर १९८१ पासून जालना जिल्ह्यात आहे. परतूर रेल्वेमार्गावर होते, राजूर त्यापासून दूर होते. तरीही वृत्तपत्राचा एक अंक गावी पोचला की तो एकट्याने वाचावयाची वस्तू राहत नसे. तो मोठ्याने वाचला जाई, त्यावर चर्चा होई. श्रवण, चर्चा आणि मुद्रित शब्द या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या, हे या काळातील लोकशिक्षणाचे मर्म होय.

बडोदे, दिल्ली आणि पुणे : तीन प्रयोग

हे मर्म अन्यत्र अधिक पद्धतशीरपणे ओळखले गेले. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभे केले. तेथील ग्रंथालय विभागाने फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठविली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न व चित्रपट यांचे खेळ करणारी स्वतंत्र शाखाही चालविली. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे, ही भूमिका त्यामागे होती.

स्वातंत्र्योत्तर काळात युनेस्कोच्या साहाय्याने २७ ऑक्टोबर १९५१ रोजी दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली. व्याख्याने, चर्चामंडळे, नाट्य व चित्रपट या उपक्रमांसाठी तेथे स्वतंत्र समाजशिक्षण विभाग होता. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. मूल्यमापनात असे आढळून आले की, ज्या गावांत ऐकल्यानंतर चर्चा झाली तेथील ज्ञानवृद्धी इतर गावांच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक होती. हा प्रयोग झाला तेव्हा मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. शेजारच्या प्रदेशातील हा महत्त्वाचा अनुभव त्यामुळे राजूरसारख्या गावांच्या वाट्याला त्या वेळी आला नाही.

कायदा आणि अनुदान

ग्रंथालयविषयक कायद्याच्या बाबतीत मात्र मराठवाडा मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये व मद्रास प्रांताने १९४८ मध्ये असा कायदा केला. हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा आहे. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ संमत झाला आणि हैदराबादचा कायदा रद्द होऊन सर्व राज्यास एकच व्यवस्था लागू झाली. १९६८ मध्ये ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले, तर १९७० च्या नियमांनी मान्यता व अनुदानाची पद्धती निश्चित केली.

या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, शासनाने गावोगावी स्वतःची ग्रंथालये काढली नाहीत. लोकांनी नोंदणीकृत संस्था स्थापन करून ग्रंथालय चालवावे आणि शासनाने अनुदान द्यावे, हे सूत्र स्वीकारण्यात आले. यामुळे ग्रंथालयांचा प्रसार झपाट्याने झाला. राज्यातील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या वर गेली. परंतु अ, ब, क, ड असा वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, वर्गणीदार अशा मोजता येणाऱ्या बाबींना साहजिकच प्राधान्य मिळाले. किती प्रौढांनी व्याख्यान ऐकून त्यानंतर पुस्तक हाती घेतले, ही गोष्ट दप्तरात नोंदविणे अवघड होते. छोट्या ग्रंथालयाच्या तुटपुंज्या अनुदानात कार्यक्रमासाठी फारसे काही उरत नसे. परिणामी कार्यक्रम जयंती, पुण्यतिथी व विशेष दिन यांच्याभोवती एकवटले. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि, एका दिवसाच्या समारंभातून सवय निर्माण होत नाही.

साक्षरतेच्या मोहिमा : समांतर प्रवाह

याच काळात प्रौढ शिक्षणाचा दुसरा प्रवाह वाहत होता. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हा महाराष्ट्राचा स्वतःचा प्रयोग होता. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. या अभियानातील ‘जन शिक्षण निलयम’ ही कल्पना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. चार-पाच गावांसाठी एक केंद्र असावे, आणि त्यात वाचनालय, चर्चामंडळ, सायंवर्ग व सांस्कृतिक कार्यक्रम हे सर्व एकत्र चालावे, अशी ती योजना होती. पुढे तिची जागा निरंतर शिक्षण केंद्रांनी घेतली. २००९ मध्ये साक्षर भारत योजनेतून लोकशिक्षा केंद्रे आली आणि २०१८ मध्ये ती योजनाही संपुष्टात आली.

येथे मूळ अडचण दिसून येते. सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत, तर प्रौढ शिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे, अशी विभागणी राहिली. ग्रंथालयाजवळ स्थैर्य होते, इमारत व पुस्तके होती, पण प्रौढांपर्यंत जाणारा कार्यक्रम नव्हता. साक्षरता मोहिमेजवळ कार्यक्रम होता, उत्साह होता, पण मोहीम संपल्यावर नवसाक्षराने कोठे जावे, याचे उत्तर नव्हते. अक्षरओळख झालेली गृहिणी किंवा शेतमजूर गावातील ग्रंथालयाचा वर्गणीदार व्हावा, यासाठी दोन्ही यंत्रणांना जोडणारा दुवा निर्माण झाला नाही. सरावाअभावी शिकलेली अक्षरे पुन्हा विसरली गेली, तर त्याचा दोष शिकणाऱ्यावर टाकता येत नाही. केरळात १९४५ पासून पी. एन. पणिक्कर यांच्या ग्रंथशाला संघाने ग्रंथालय आणि साक्षरता ही दोन्ही कार्ये एकाच संघटनेच्या हाती ठेवली. या तुलनेतून महाराष्ट्रातील उणीव अधिक स्पष्ट होते.

श्रवणाकडून वाचनाकडे

राजूरसारख्या तीर्थक्षेत्री लोक ऐकावयास येतात, हे वास्तव आहे. तेव्हा प्रौढांना कार्यक्रमाकडे कसे आणावे, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. ऐकलेले पुस्तकापर्यंत कसे पोचवावे, हाच खरा प्रश्न आहे. संत गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेतली. श्रोता हा निष्क्रिय नसतो, हे त्यांनी कृतीतून दाखविले. ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत मात्र अनेकदा आभारप्रदर्शन झाले की श्रोते उठून जातात. त्या विषयावरील दोन-चार सोपी पुस्तके त्याच ठिकाणी मांडली गेली, पुढील आठवड्यात पुन्हा बैठक झाली, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कोणी ते पुस्तक मोठ्याने वाचले, तर पोथीची जुनी रीत नव्या आशयासह पुन्हा उभी राहू शकते. स्त्रियांसाठी अशी बैठक सायंकाळऐवजी दुपारी, बचत गटाच्या सभेला जोडून घेणे अधिक व्यवहार्य ठरेल.

निष्कर्ष

मराठवाड्याच्या इतिहासावरून असे दिसते की, ग्रंथालयाने श्रवण, चर्चा आणि ग्रंथ यांची सांगड घातली तेव्हा ते प्रौढांचे खरे विद्यापीठ झाले. निजामी राजवटीत साधने अल्प असूनही हे घडले. स्वातंत्र्यानंतर साधने वाढली, पण ही सांगड दोन विभागांत वाटली गेली. ती पुन्हा जुळविण्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. परिसरातील महाविद्यालये, त्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि विषयांचे जाणकार प्राध्यापक यांनी गावच्या ग्रंथालयाशी वर्षभराचे नाते जोडले, तर त्या कार्यास निश्चित दिशा मिळेल. प्राध्यापकाचे व्याख्यान संपल्यावर श्रोत्याच्या हाती एक पुस्तक गेले की नाही, आणि ते वाचून तो पुन्हा आला की नाही, यावरच त्या कार्यक्रमाचे यश मोजले गेले पाहिजे.