विटेचे माप आणि मजुराचा हिशेब

इतिहास म्हटला की वाडा कोणी बांधला हे आपण विचारतो. विटा किती लागल्या आणि त्या कोणी थापल्या, हे विचारीत नाही. आम्ही शाळा फारशी न पाहिलेली माणसे. गणित शिकलो ते वीटभट्टीवर, मजुरीच्या भांडणात.

वाईच्या जुन्या वाड्यांत विटा पातळ व चपट्या दिसतात. इंग्रजी अमदानीत नऊ, साडेचार, तीन इंचांची वीट रूढ झाली. हे माप सांध्यासकट धरले, तर एक वीट १२१.५ घनइंच भरते. म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासला सुमारे १४२२ विटा. ३० फूट लांब, १० फूट उंच, ९ इंच जाड भिंत घ्या. ती २२५ घनफूट झाली. ७ बाय ३ फुटांचे दार आणि ४ बाय ३ ची खिडकी वजा करता सुमारे २००, म्हणजे २ ब्रास उरते. विटा २८४४, शेकडा ५ तूटफूट धरा, म्हणजे ३००० मागवाव्या.

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. याच सुमारास, १९५६ च्या कायद्यामागून, मेट्रिक मापे आली. नवी वीट सांध्यासकट २०, १०, १० सेंटिमीटर, घनमीटरला ५००. गुणाकार करून पाहा, घनफळ जवळजवळ पूर्वीइतकेच! जिल्ह्याचे नाव बदलले तरी कृष्णा तीच राहिली, तसेच हे.

मग भांडण कसले? थापणाऱ्याला मजुरी हजारामागे, गिऱ्हाइकाला भावही हजारामागे. साचा मात्र मालकाच्या हाती. साचा तिन्ही बाजूंनी पाव इंच वाढला, तर हजारामागे शेकडा १७ हून अधिक माती तेवढ्याच मजुरीत कालवावी लागते. साचा आखडला, तर घर बांधणारा फसतो. पावसाने कच्ची वीट विरघळली, तर ती कोणाच्या खाती, हा प्रश्न निराळाच.

सांगलीजवळच्या एका भट्टीवर आम्ही फूटपट्टी लावून साचा मोजला. उचल वर्षानुवर्षे का फिटत नाही, याचे एक कारण त्या दिवशी बायाबापड्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्या हंगामाचा दर ठरविताना त्यांनी आधी साच्याचे माप विचारले.

घर बांधताना आपणही ते विचारावे. आपला आणि थापणाऱ्याचा हिशेब एकाच साच्यातून निघतो.