तळटीप : ‘मे गुस्ता’मधला ‘मे’

‘मे गुस्ता एल काफे’ (मला कॉफी आवडते) : स्पॅनिशमध्ये ‘गुस्तार’ या क्रियापदाचा कर्ता आवडणारी वस्तू, माणूस चतुर्थीत. म्हणून ‘यो’ (मी) नव्हे, ‘मे’ (मला). पुस्तकं आली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, जसं मराठीत ‘आवडते’चं ‘आवडतात’ होतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते; मराठी-कन्नड दोन्ही कानांवर पडणाऱ्या हिंडलग्याच्या वाचकाला मुळीच वाटू नये. मराठी ‘मला आवडतं’ आर्यकुळातलं, कन्नड ‘ननगे इष्ट’ द्राविडकुळातलं, तरी दोन्हींत माणूस चतुर्थीतच. फरक पुढे आहे, आणि तो फार महत्त्वाचा : नाव घेतलं तरी स्पॅनिश सर्वनाम सोडत नाही. ‘मारियाला कॉफी आवडते’ म्हणजे ‘आ मारिया ले गुस्ता एल काफे’. मराठी सवयीने हे ‘ले’ गळतं. तेच आधी घोटावं.