स्वभक्षण आणि कर्करोगावरील औषधनिर्मिती

पेशीने स्वतःचेच जीर्ण वा निकामी घटक पचवून ते पुन्हा वापरात आणण्याच्या नैसर्गिक प्रक्रियेस स्वभक्षण किंवा ऑटोफॅजी असे म्हणतात. कर्करोगाच्या पेशी उपासमार व औषधांचा मारा सोसण्यासाठी या प्रक्रियेचा आधार घेतात. म्हणून ती रोखणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. मात्र अशा एकाही औषधाला कर्करोगावरील उपचार म्हणून अद्याप मान्यता मिळालेली नाही.

प्रक्रिया
टाकाऊ घटकांभोवती दुहेरी पटलाची पिशवी तयार होते. ती लायसोसोम या पाचक अंगकाशी एकरूप झाल्यावर तेथील विकरे आतील द्रव्याचे विघटन करतात. या प्रक्रियेचे नामकरण क्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये केले. यीस्टमध्ये तिची जनुके शोधणारे जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले.

दुहेरी भूमिका
निरोगी पेशीत स्वभक्षणामुळे सदोष घटक साचत नाहीत व कर्करोगास आळा बसतो. बेक्लिन-१ हे स्वभक्षणाचे जनुक गाठींची वाढ रोखते, असे बेथ लेव्हिन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. वाढलेल्या गाठीत मात्र रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि तीच प्रक्रिया रोगट पेशींना तगवते. त्यामुळे ती कोणत्या रुग्णात व कोणत्या टप्प्यावर रोखावी, हा कळीचा प्रश्न आहे.

औषधे
गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यांत परिचित असलेले क्लोरोक्विन आणि संधिवातावर दिले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही औषधे लायसोसोमच्या कार्यात अडथळा आणतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या उत्पादकांत मुंबईच्या इप्का लॅबोरेटरीजचा समावेश होतो. स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगाच्या ११२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. केमोथेरपीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची जोड दिल्यावर ३८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. तथापि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेतल्यास हे औषध दृष्टिपटलास इजा करू शकते. हृदयाच्या ठोक्यांची लयही बिघडू शकते. यूएलके-१ या आरंभीच्या विकरालाच रोखणारी नवी संयुगेही अभ्यासली जात आहेत.

गैरसमज
उपवासाने स्वभक्षण वाढते, म्हणून कर्करोग बरा होतो, असा समज आढळतो. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. वाढलेल्या गाठीला स्वभक्षण उपकारकही ठरू शकते. शिवाय रुग्णाचे वजन व शक्ती घटल्यास उपचार सोसणे कठीण होते. म्हणून उपवास किंवा वरील औषधे कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्याविना सुरू करणे धोक्याचे आहे.