जुनी लोटस इलान आणि आजची माझदा एमएक्स-५ : दोन हलक्या गाड्यांत नेमका फरक काय? जाणून घ्या

माझदा हे नाव आपल्याकडे नवीन नाही. स्वराज माझदाच्या गाडीतून अनेकांनी मार्केटला माल नेला असेल. त्याच जपानी माझदाची एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार १९८९ पासून जगभर विकली जाते. दोन सीट, छत उघडता येतं. अशा गाडीला रोडस्टर म्हणतात. माझदाने ती बनवताना जुन्या इंग्रजी रोडस्टरचा आदर्श समोर ठेवला, आणि त्यात १९६२ च्या लोटस इलानचं नाव पहिलं घेतलं जातं.

इलान कशी होती?

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा सगळा भर वजन कमी करण्यावर. इलानच्या मधोमध पोलादी पत्र्याची एकच पेटीसारखी चासी आणि वर फायबरची बॉडी. इंजिन १५५८ सीसी, ताकद साधारण १०५ हॉर्सपॉवर आणि वजन फक्त ६८० किलोच्या आसपास.

हलकेपणाचा फायदा काय? रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी उतारावर थांबवण्यात किती फरक पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वजन कमी असलं की ब्रेक लवकर लागतो, वळण सोपं जातं, टायर कमी झिजतात आणि तेलही कमी लागतं.

एमएक्स-५ चं वजन का वाढलं?

२०१५ साली आलेल्या एमएक्स-५ चं वजन एक टनाच्या थोडं पुढेमागे आहे. म्हणजे इलानपेक्षा तीनशे-चारशे किलो जास्त. पण हे वजन फुकट गेलेलं नाही. धडक सोसणारी मजबूत बॉडी, दारातल्या पट्ट्या, एअरबॅग, एबीएस, एसी, सगळं त्यातच आलं. इंजिनही मोठं झालं. दोन लिटरच्या मॉडेलला १८० च्या वर हॉर्सपॉवर आहे. हिशेब केला तर शंभर किलोमागे इलानला साधारण १५ आणि हिला १७ हॉर्सपॉवर पडतात.

इलानमध्ये एअरबॅग नव्हत्या. चासीला आतून गंज धरायचा. हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर वर यायचे, गळती झाली की खाली बसायचे. म्हणून आज इलान हौशी माणसाने जपायची गाडी आहे, तर एमएक्स-५ रोज सकाळी किल्ली लावून कामाला न्यायची. २०१६ मध्येच तिने दहा लाखांचा टप्पा गाठला.

आपल्यासाठी काय?

माझदा भारतात कार विकत नाही, त्यामुळे ही गाडी आपल्या शोरूमला दिसणार नाही. पण धडा कामाचा आहे. गाडी घेताना आपण हॉर्सपॉवर आणि अॅव्हरेज विचारतो, वजन कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी तेही विचारा. आणि ते वजन कुठे गेलं हेही विचारा, माणूस वाचवण्यात की नुसत्या दिखाव्यात?