कृत्रिम गुहा (गुहाभ्रमण)

कृत्रिम गुहा म्हणजे नवशिक्यांना, विशेषतः मुलांना, गुहाभ्रमणाची तोंडओळख व्हावी म्हणून लाकूड किंवा काँक्रीट यांपासून बांधलेला अरुंद, अंधारा मार्ग होय. ब्रिटनमधील काही साहस-केंद्रांत असे मार्ग आहेत.

महाराष्ट्रात या साधनाची उपयुक्तता भूरचनेतून उद्भवते. लांबच लांब नैसर्गिक गुहा बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या चुनखडकात तयार होतात. मेघालयातील क्रेम लिआत प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे. मुळशी तालुक्यातील कासारसाई परिसर मात्र दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. जवळच्या घोरावडेश्वर (शेलारवाडी) येथील, तसेच कार्ले, भाजे व बेडसे येथील ‘गुंफा’ ही वस्तुतः माणसाने कोरलेली लेणी होत. भाजे येथील कोरीवकाम इ.स.पू. २ऱ्या शतकापासूनचे आहे. या अर्थी लेणीही कृत्रिमच. परंतु त्यांच्या प्रशस्त दालनांत सरपटण्याचा सराव होत नाही, आणि संरक्षित स्मारकात खिळे ठोकून दोर बांधणे सर्वथा अनुचित.

बांधलेल्या गुहेत हेल्मेट व डोक्यावरचा दिवा वापरणे, अडचणीच्या जागी अंग वळवणे, सोबत्याला धीर देणे या गोष्टी शिकता येतात. घाबरलेल्या मुलाला तत्काळ बाहेर काढता येते, हा सर्वांत मोठा लाभ. अमेरिकेतील ‘केव्हसिम’ या फिरत्या गुहेत नकली लवणस्तंभांना धक्का लागताच त्याची नोंद होते, त्यामुळे जपून चालण्याची शिस्तही लागते. पावसाने अकस्मात चढणारे पाणी, गारठा व निसरडा चिखल यांचा अनुभव मात्र नैसर्गिक गुहेतच, जाणत्या मार्गदर्शकासोबत घ्यावा लागतो.