आपट्याचा डोंगर वाचताना : भूवैज्ञानिकांची क्षेत्रीय पाहणी आणि तिची साधने

पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपटा हे छोटेसे स्थानक अनेकांनी प्रत्यक्ष न पाहताही पाहिलेले असते. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग, पंजाबातील स्थानक म्हणून, येथेच चित्रित झाला. पाताळगंगेच्या काठी वसलेल्या या गावाच्या एका बाजूस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, तर दुसऱ्या बाजूस माणिकगड उभा आहे. पर्यटकाच्या दृष्टीने हा कोकणातला नेहमीचा हिरवा देखावा. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने मात्र पश्चिम भारताच्या घडणीतील एका महत्त्वाच्या कोड्याचे हे स्थळ होय.

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, पुस्तके एकावर एक रचावीत तसे दिसतात. घाट उतरून समुद्राकडे निघाले की पनवेलच्या पट्ट्यात हेच थर पश्चिमेकडे कलू लागतात. थरांच्या या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' असे म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली त्याचे वर्णन केले. (प्रसिद्ध इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन हे त्यांचे धाकटे बंधू.) हा वाक उपग्रहाच्या चित्रावरून नव्हे, तर पायी हिंडून, हातातल्या साध्या उपकरणाने मोजलेल्या कोनांवरून सिद्ध झाला. असे मोजमाप प्रत्यक्षात कसे चालते, हे आपटा परिसराच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

निघण्यापूर्वी

क्षेत्रीय पाहणीची सुरुवात टेबलावर होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा हा तिचा पाया. जुन्या क्रमांकन पद्धतीनुसार आपटा परिसर '४७ एफ/१' या पत्रकात येतो. १:५०,००० प्रमाणाच्या या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. समोच्चरेषांवरून चढ-उतार कळतात. कोठे उघडा कडा असेल, कोठे मातीखाली खडक दडला असेल, याचा अंदाज बांधता येतो. उपग्रहचित्रांत सरळ रेषेत धावणारे ओढे किंवा कण्यासारख्या अरुंद टेकड्या दिसल्यास तेथे भेग, विभंग किंवा भित्ती असण्याची शक्यता नोंदवली जाते. मात्र ती शक्यताच. तिची खातरजमा जागेवर जाऊनच करावी लागते.

मग मार्ग आखला जातो. थर ज्या दिशेने पसरले आहेत त्या दिशेला काटकोनात चालल्यास कमी अंतरात अधिक थर ओलांडता येतात, म्हणून कोकणात सहसा पूर्व-पश्चिम वाटा निवडतात. नदीचे पात्र, ओढ्यांच्या घळी, रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या आणि दगडखाणी ही खडक उघडा सापडण्याची हमखास ठिकाणे. पनवेल तालुक्यातील खाणींनी डोंगर पोखरले हे खरे. पण ताजा, न कुजलेला खडक पाहावयाचा तर भूवैज्ञानिकालाही तेथेच जावे लागते. पावसाळ्यात सारे झाडोऱ्याखाली जाते, त्यामुळे कामाचा मुख्य हंगाम पावसानंतरच सुरू होतो.

हातोडा, भिंग आणि आम्ल

भूवैज्ञानिकाची ओळख म्हणजे त्याचा हातोडा. एका बाजूस चौकोनी तोंड व दुसऱ्या बाजूस टोकदार चोच असलेला पोलादी हातोडा बेसाल्टसारख्या कठीण खडकासाठी, तर छिन्नीसारखे पाते असलेला हातोडा मऊ, थरयुक्त खडकासाठी वापरतात. खडकाचे बाहेरचे अंग ऊन-पावसाने बदललेले, तांबूस वा करडे झालेले असते. त्यावरून निष्कर्ष काढणे म्हणजे रंग लावलेल्या भिंतीवरून विटांची पारख करणे. म्हणून प्रथम कपची फोडून आतला ताजा पृष्ठभाग पाहिला जातो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. बेसाल्टची ठिणगीसारखी उडणारी कपची डोळा निकामी करू शकते.

ताज्या पृष्ठभागावर दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले जाते. भिंग डोळ्याशी धरायचे आणि खडक जवळ आणायचा, ही त्याची रीत. काळसर पार्श्वभूमीवर पांढुरक्या फेल्डस्पारच्या काड्या किंवा हिरवट ऑलिव्हिनचे दाणे दिसतात. काही प्रवाहांत फेल्डस्पारचे स्फटिक बोटाच्या पेरांएवढे मोठे असतात. असे प्रवाह दुरूनही ओळखू येत असल्याने ते मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडतात.

बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली आढळतात. ती कोणती, हे ठरवण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली जवळ असते. थेंब टाकताच फसफसले तर ते कॅल्साइट. फसफसले नाही आणि चाकूनेही ओरखडा उठला नाही, तर ते गारेच्या कुळातले. न फसफसता चाकूने ओरखडले गेले, तर झिओलाइट असण्याचा संभव अधिक. एक बाटली आणि एक चाकू एवढ्यावर प्राथमिक उलगडा होतो.

एक प्रवाह कोठे संपतो?

दख्खनचा बेसाल्ट एकसंध नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात एकामागून एक उसळलेल्या लाव्हाच्या प्रवाहांची ती चळत आहे. पाहणीतील पहिला प्रश्न म्हणून हाच, की एक प्रवाह संपून दुसरा कोठे सुरू होतो? प्रवाहाच्या तळाशी कधीकधी उभ्या नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, मध्यभाग घट्ट असतो, तर माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने खडक जाळीदार होतो. दोन प्रवाहांच्या मधे अनेकदा तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. आधीच्या प्रवाहाचा माथा कुजून किंवा त्यावर राख साचून तयार झालेला हा थर म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीचा पुरावा. काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत जाडीचा हा पट्टा डोंगरउतारावर दूरवर माग काढता येण्याजोगा असतो.

१९८०च्या दशकात आयआयटी मुंबईतील आणि परदेशांतील संशोधकांनी सह्याद्रीच्या घाटवाटा अशाच पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून, प्रत्येक प्रवाहाची उंची नोंदवून व नमुने घेऊन दख्खनच्या थरांची क्रमवारी लावली. इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही त्या थरसमूहांची नावे सह्याद्रीतील गावांची व ठिकाणांची आहेत. रासायनिक पृथक्करण प्रयोगशाळेत झाले. पण कोणता नमुना कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हे डोंगरावरच ठरले होते.

कलाचा हिशेब

थरांचा कल मोजण्यासाठी ब्रंटन होकायंत्र वापरतात. डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्याने त्याचे पेटंट १८९४ साली घेतले. तळहातावर मावणाऱ्या या डबीत होकायंत्र, पाणसळ, आरसा आणि कोनमापक एकत्र असतात. थराच्या पृष्ठभागावर आडवी रेषा कोणत्या दिशेने जाते, तो 'नतिलंब'. आणि त्या रेषेला काटकोनात थर किती अंशांनी खाली झुकतो, ती 'नती'. या दोन आकड्यांनी थराची अवकाशातील स्थिती निश्चित होते. आता मोबाइल फोनमध्येही हे कोन मोजणारी साधने आली आहेत. तरीही ब्रंटनशी पडताळा घेण्याची शिस्त सुटलेली नाही.

आकडा लहान वाटला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. थर अर्ध्या अंशाने कलला असेल, तर एक किलोमीटर अंतरात तो सुमारे ९ मीटर खाली जातो. पाच अंशांनी कलला असेल, तर सुमारे ८७ मीटर. दहा अंशांनी, तर १७६ मीटर. म्हणजेच एका टेकडीच्या माथ्यावरील तांबडा पट्टा पुढच्या टेकडीच्या पायथ्याशी किंवा थेट जमिनीखाली असू शकतो. विहीर, बोगदा वा धरणाचा पाया यांचे गणित या फरकावर अवलंबून असते.

बेसाल्टच्या प्रदेशात एक अडचण हटकून येते. लाव्हाचा पृष्ठभाग मुळातच उंचसखल असल्याने एकाच ठिकाणी मोजलेला कोन फसवा ठरू शकतो. म्हणून एकाच तांबड्या पट्ट्यावरील, एका रेषेत नसलेली तीन दूरदूरची ठिकाणे निवडून प्रत्येकाची उंची मोजतात व त्यांवरून संपूर्ण थराचा कल काढतात. दुसरी अडचण अशी, की बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. वीज पडलेल्या माथ्यांवर तर होकायंत्राची सुई भरकटते. तेव्हा दूरच्या ज्ञात शिखरावर नेम धरून, किंवा सूर्याच्या स्थानावरून दिशा पडताळली जाते.

कलून थिजले, की थिजून कलले?

आपटा-पनवेल पट्ट्याचे खरे कोडे येथे आहे. लाव्हा मुळातच उतारावरून वाहत थिजला, की आडवा थिजून नंतर भूहालचालींनी कलला? उत्तराचा दुवा खडकांतील पोकळ्यांत मिळतो. अर्धवट भरलेल्या पोकळीत अकीकाचे थर पाणी साचावे तसे आडवे बसतात. आज ते थर आसपासच्या प्रवाहाइतकेच कललेले दिसले, तर पोकळी भरल्यानंतर सारा डोंगर कलला असे म्हणता येते. ते अजूनही आडवे असतील, तर कल आधीचाच. एका पोकळीवरून निर्णय होत नाही. अनेक ठिकाणची मोजमापे जुळावी लागतात.

कल नंतरचा असे धरले, तरी तो घडला कसा, यावर मतभेद आहेत. १९९५ साली देसाई व बर्ट्रांड या संशोधकांनी हा वाक म्हणजे भूकवच ताणले जाऊन झालेली विभंगरचना आहे, असे प्रतिपादन केले. १९९८ साली हेतू शेठ यांनी, खोलवर वक्र होत जाणाऱ्या विभंगावर थर घसरून मागे वाकल्याने तो निर्माण झाला, अशी मांडणी केली. वादातील दोन्ही बाजूंची भिस्त मात्र खडकांवरच्या मोजमापांवरच आहे.

कर्नाळ्याच्या सुळक्याबाबतही हीच सावधगिरी लागते. त्याचा आकार पाहून 'ही ज्वालामुखीची नळीच' असे म्हणण्याचा मोह होतो. पण केवळ आकार हा पुरावा नव्हे. सुळक्याचा खडक भोवतालच्या प्रवाहांना छेदून वर आला आहे काय, संपर्काच्या जागी कडेचे कण बारीक झाले आहेत काय, शेजारचा खडक भाजला आहे काय, स्तंभांच्या भेगा उभ्या आहेत की आडव्या, हे तपासल्याखेरीज शिक्कामोर्तब करता येत नाही. थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात भेगा पडतात. त्यामुळे उभ्या भित्तीत स्तंभ आडवे, तर आडव्या प्रवाहात ते उभे असतात.

वही हेच मुख्य साधन

हातोडा हरवला तर नवा घेता येतो. वही हरवली तर हंगाम वाया जातो. प्रत्येक थांब्याला क्रमांक, जीपीएसने घेतलेले स्थान, उंची, खडकाचे वर्णन, कोन आणि हाताने काढलेली आकृती असा नोंदीचा क्रम असतो. छायाचित्रात मापासाठी हातोडा, पेन किंवा नाणे ठेवतात. नमुन्यावर आणि पिशवीवर एकच क्रमांक घातला जातो. जे दिसले ते आणि त्यावरून जे वाटले ते, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिणे हा या वहीचा पहिला नियम. पुढे मत बदलले, तरी निरीक्षण शाबूत राहते.

दरडींचा प्रश्न

ही सारी खटपट केवळ विद्वत्तेची नाही. आपट्यापासून फार दूर नसलेल्या, खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले होते. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये ही गावे अशीच गाडली गेली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशांकन हाती घेतले. त्याचे प्रमाण १:५०,००० आहे. या प्रमाणावर एखादी वीस-पंचवीस घरांची वाडी म्हणजे जेमतेम एक ठिपका. तिच्यावरचा उतार धोक्याचा आहे किंवा नाही, हे जागेवर जाऊनच कळते. तांबडा पट्टा पाणी सहज झिरपू देत नाही. त्यावर पाणी साचून वरचा मातीचा थर जड होतो आणि निसटतो. म्हणून पाहणी करणारा या पट्ट्याची उंची, मातीची जाडी आणि झऱ्यांची ठिकाणे टिपतो. उतारावर आडव्या भेगा, कललेली झाडे व खांब, पायथ्याशी आलेला फुगवटा, एकाएकी गढूळ झालेला झरा, या खुणांची तो विचारपूस करतो. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांतील अंतर वरचेवर टेपने मोजणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. जमिनीत विद्युतप्रवाह सोडून तिचा रोध मोजल्यास मातीची जाडी आणि पाण्याची पातळी यांचा अंदाज येतो. वेधनयंत्राने काढलेल्या खडकाच्या कांड्यांवरून तो पडताळता येतो.

यातले बरेचसे गावकऱ्यांना आधीच ठाऊक असते. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणती भेग गेल्या पावसात नव्हती, हे तेथे राहणाराच सांगू शकतो. म्हणूनच अनुभवी भूवैज्ञानिक वाडीत शिरल्यावर हातोडा पिशवीतच ठेवतो आणि प्रथम वही उघडून प्रश्न विचारतो.