शिरोत्वचेचे दुर्मीळ कर्करोग : निदान आणि उपचार

डोक्यावर लहानशी गाठ असणे ही तशी सर्वसामान्य गोष्ट. न्हावी केस कापताना ती दाखवून देतो किंवा तेल लावताना घरातल्या कुणाच्या बोटांना ती लागते. डॉक्टर पाहतात आणि केसांच्या मुळाच्या आवरणातून झालेली साधी गाठ असल्याचे सांगतात. हे निदान बहुतेक वेळा अचूकच असते. 'पायलर सिस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा दहापैकी सुमारे नऊ गाठी डोक्यावरच होतात आणि त्यांपासून जिवाला धोका नसतो. प्रश्न असतो तो उरलेल्या मोजक्या रुग्णांचा. शिरोत्वचेचे काही दुर्मीळ कर्करोग सुरुवातीला नेमके अशाच साध्या गाठीसारखे किंवा मुका मार लागल्यावर उमटणाऱ्या काळ्यानिळ्या डागासारखे दिसतात आणि केसांआड महिनोन्‌महिने लपून राहतात.

या रोगांचे वर्तन समजण्यासाठी शिरोत्वचेची रचना ध्यानात घ्यावी लागते. येथे पाच थर असतात : त्वचा, तिच्याखालची घट्ट संयोजी ऊती, चिवट पांढरा पडदा, त्याखालचा सैल थर आणि कवटीला चिकटलेले अस्थिआवरण. रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. सैल थरात पोहोचलेला रोग दूरवर पसरू शकतो आणि वरून दिसणारा डाग म्हणजे त्याच्या विस्ताराचा केवळ एक भाग ठरतो. लसिका कानापुढील, कानामागील, डोक्याच्या मागील बाजूच्या आणि मानेच्या ग्रंथींकडे वाहते. डोक्यावरील गाठ तपासणारा जाणकार डॉक्टर मान आणि कानाभोवतालचा भाग चाचपून पाहतो, तो यासाठीच.

या गटातील सर्वांत फसवा आजार म्हणजे अँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींपासून होणारा हा कर्करोग प्रामुख्याने साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या डोक्यावर वा चेहऱ्यावर आढळतो. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ एडवर्ड विल्सन जोन्स यांनी १९६४ साली त्याचे वर्णन स्वतंत्रपणे मांडले. प्रारंभी केवळ जांभळट, अस्पष्ट कडांचा डाग दिसतो. 'कुठेतरी डोके आपटले असेल' असे रुग्णाला वाटते आणि वयोवृद्ध माणसाच्या बाबतीत घरच्यांनाही ते पटते. मुक्या माराचा डाग मात्र दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून विरतो. हा विरत नाही, पसरत जातो. त्यातून सहज रक्त येते, कधी पापण्या व चेहरा सुजतो आणि जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात. रुग्णाला डोके हृदयाच्या पातळीखाली झुकवायला सांगितल्यास हा डाग अधिक गडद आणि ठळक होतो, ही विनाखर्चाची एक उपयुक्त खूण आहे. रोग ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा होण्यापूर्वी सापडला तर निष्पन्न तुलनेने बरे असते. मोठ्या वा अनेक ठिकाणी उगवलेल्या रोगात ते निराशाजनक असते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मर्केल सेल कार्सिनोमा ही वेदनारहित, टणक, लालसर वा जांभळी आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी गाठ असते. गोऱ्या वर्णाच्या वृद्धांमध्ये, तसेच अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये तिचे प्रमाण अधिक. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली या गाठीत एक नवा पॉलिओमा विषाणू शोधून काढला. याउलट डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स हा तरुण आणि मध्यमवयीन व्यक्तींना होणारा आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढणारा रोग. तो दूर पसरत नाही म्हणावे इतक्या क्वचित पसरतो. पण झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे आजूबाजूला सोडतो, म्हणून अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हापुन्हा उगवतो. त्वचेतील तेलग्रंथींचा कर्करोगही डोक्यावर होऊ शकतो. तो आढळल्यास कुटुंबातील आतड्याच्या कर्करोगाची चौकशी करावी लागते, कारण काही घराण्यांत हे दोन्ही आजार एकाच जनुकीय दोषातून येतात.

निदानाचा निर्णायक टप्पा बायॉप्सीचा. केवळ वरचा पापुद्रा खरवडून भागत नाही. पुरेशा खोलीचा तुकडा लागतो. अँजिओसार्कोमात तर रोगाची सीमा ठरवण्यासाठी भोवतालच्या निरोगी भासणाऱ्या त्वचेचेही अनेक नमुने घेतले जातात. साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीने उलगडा न झाल्यास इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात : सीडी ३१ आणि ईआरजी ही प्रथिने अँजिओसार्कोमाकडे, तर सीके २० मर्केल पेशींकडे निर्देश करते. पुढे गरजेनुसार एमआरआय, छातीचा सीटी स्कॅन आणि लसिकाग्रंथीची तपासणी होते. अँजिओसार्कोमा फुप्फुसांत पसरत असल्याने छातीचा स्कॅन टाळता येत नाही.

आपल्याकडची खरी उणीव याही आधीची आहे. लहान दवाखान्यात गाठ काढली जाते, 'चरबीची होती' असे सांगितले जाते आणि काही रुपये वाचवण्यासाठी ती तपासणीला न पाठवता टाकून दिली जाते. वर्षभराने त्याच जागी गाठ पुन्हा उगवते, तेव्हा पहिली नेमकी काय होती हे कळायला मार्ग उरत नाही. डोक्यावरून काढलेली प्रत्येक गाठ हिस्टोपॅथॉलॉजीसाठी पाठवण्याचा आग्रह रुग्णाने धरावा आणि अहवालाबरोबर मेणाचा ब्लॉकही जपला जाईल याची खात्री करावी. दुर्मीळ रोगांत पहिला अहवाल बदलण्याची शक्यता असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रात उपचार ठरवण्यापूर्वी हेच ब्लॉक आणि काचपट्ट्या पुन्हा तपासल्या जातात.

उपचारांत शस्त्रक्रियेला अग्रस्थान आहे. डर्मॅटोफायब्रोसार्कोमात गाठीभोवती २ ते ३ सेंटिमीटर निरोगी त्वचाही काढावी लागते. अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत थराथराने ऊती काढून प्रत्येक कड लगेच तपासतात. त्यामुळे त्वचा वाचते आणि रोग मागे राहण्याची शक्यता घटते. नंतर उरतो तो जखम झाकण्याचा प्रश्न. अस्थिआवरण शाबूत असेल तर मांडीच्या त्वचेचे रोपण चालते. कवटी उघडी पडली असेल तर शेजारची शिरोत्वचा सरकवून किंवा पाठीचा स्नायू रक्तवाहिन्यांसह जोडून ती झाकावी लागते. हे काम प्लास्टिक सर्जनचे, म्हणून त्याचा सल्ला शस्त्रक्रियेआधीच घेतलेला बरा.

अँजिओसार्कोमात शस्त्रक्रियेनंतर विस्तृत भागावर किरणोपचार द्यावे लागतात. त्या भागावरचे केस बहुधा कायमचे जातात, याची कल्पना रुग्णाला आधी दिली पाहिजे. पसरलेल्या रोगात दर आठवड्याला दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल उपयोगी पडते. मर्केल सेल कार्सिनोमा किरणोपचारांना उत्तम प्रतिसाद देतो. अंगभर पसरलेल्या मर्केल रोगासाठी अमेरिकेत २०१७ साली ॲव्हेलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि पूर्वी केमोथेरपीनंतर काही महिन्यांत पुन्हा उसळणारा रोग काही रुग्णांत दीर्घकाळ आटोक्यात राहू लागला. अशा औषधांचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही. डर्मॅटोफायब्रोसार्कोमात दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार होणारा संदेश इमॅटिनिबच्या गोळ्या रोखतात. शस्त्रक्रिया अशक्य असल्यास वा आधी गाठ लहान करायची असल्यास त्या दिल्या जातात.

उपचार संपल्यावरही मर्केल आणि अँजिओसार्कोमाच्या रुग्णांना पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला यावे लागते. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा मात्र पाच वर्षांनंतरही परतू शकतो. त्या व्रणावरून दर महिन्याला बोट फिरवून पाहण्याची सवय घरातल्याच कुणीतरी लावून घेतलेली बरी.